दाव्यावरची वासरे

महाडात इतिहासावर बोलायला उभे राहिले, की बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप वर जाते. रायगड याच तालुक्यात आहे, आणि १६७४ चा राज्याभिषेक आठवून ज्याची छाती भरून येत नाही असा माणूस या सभेत नसावा. हा अभिमान रास्तच आहे. परंतु आज आम्ही आपणांस गड उतरून खाली येण्याची विनंती करणार आहोत. तालुक्यातल्या तुडीलसारख्या गावचा एखादा गोठा डोळ्यांपुढे आणा. दोन-तीन गाई, नांगराचे एक जोत, आणि दाव्याला बांधलेली दोन वासरे. एक पाडा, एक पाडी. यांतले कोणते ठेवायचे, कोणते विकायचे आणि कोणाच्या वाट्याला किती दूध सोडायचे, एवढाच तेथला प्रश्न. बखरीत तो येत नाही, ताम्रपटावर कोरला जात नाही. तरी आमचे म्हणणे असे आहे, की कोकणच्या शेतीचा इतिहास याच प्रश्नाच्या उत्तरांनी घडत आला आहे. आणि आज या प्रश्नाकडे आपण सर्वांनी पाठ फिरवली आहे, म्हणून तो इतिहास आठवणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम ही निवड होई कशी, ते पाहू. शहरात गाय म्हटली की दूध आठवते. भाताच्या मुलखातले गणित निराळे होते. तेथे गाय पाळायची ती मुख्यतः शेणासाठी आणि बैलासाठी. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या आणि गवत पसरून राब भाजल्याखेरीज रोप धरत नसे, असा शेतकऱ्याचा अनुभव. आणि बैलाखेरीज चिखलणी नाही. मृग लागला, पाणी साचले, की लावणीचे मोजके दिवस हाती असतात. त्या दिवसांत ज्याच्या दारी जोत नाही, त्याने दुसऱ्याची लावणी उरकेपर्यंत वाट पाहायची, आणि उशिरा लावलेल्या भाताचा तोटा वर्षभर सोसायचा. दूध हे वरकड. घरापुरते मिळाले तर देवाची कृपा.

त्यामुळे पहिली निवड वासरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत होई, आणि ती कासेखाली होई. घरची कर्ती बाई धार काढायला बसली, की आधी वासराला पान्ह्यापुरते सोडायचे, मग ओढून बांधायचे आणि शेवटी पुन्हा सोडायचे. कोणासाठी एक सड राखायचा आणि कोणासाठी दोन, हे ती कोणाला बोलून दाखवीत नसे. पण ज्या पाड्याची हाडे रुंद, त्याला दोन सड मिळत. जे वासरू खुरटे, त्याला उरलेसुरले. पुढच्या पाच वर्षांची शेती तेथे, त्या अंधाऱ्या गोठ्यात ठरत असे.

दुसरी निवड वर्ष-दीड वर्षाने. पाठीचा कणा, छातीची रुंदी, शिंगांचे वळण, अंगावरचे भोवरे आणि खूर यांची परीक्षा व्हायची. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर आज आपला विश्वास नसेल. परंतु खुराकडे पाहण्यात पुरते शहाणपण होते. चार महिने जनावराचे पाय ओलीत राहणार, तेव्हा मऊ खुराचा बैल कोकणात काय कामाचा? घाटावरचा थोराड खिल्लार पाहायला राजबिंडा खरा. पण डोंगरउतारावरच्या अरुंद तुकड्यात त्याला वळायलाच जागा नसते. कोकणी बैल लहान चणीचा, आणि तो तसाच हवा होता. हा लहानपणा दारिद्र्याची खूण आहे असे पुष्कळांनी म्हटले. काही अंशी ते खरेही असेल. परंतु या पावसाने, या चिखलाने आणि हजारो गोठ्यांतल्या निवडीने ती चण घडवली, हेही तितकेच खरे.

तिसरी निवड दात पाहून. दुधाचे दात असेतोवर आदत, पक्के दोन आले की दुसा, चार आले की चौसा. या दरम्यान गोऱ्हा बडवायचा, वेसण टोचायची आणि जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपून त्याला तासात चालायला शिकवायचे. पाडीची परीक्षा तिच्या आईवरून होई. आई नेमाने विणारी आणि हाताखाली गरीब असेल, तर पाडी ठेवायची. नाही तर ती नात्यातल्या कोणाला तरी वाट्याने सांभाळायला द्यायची. पुढे होणाऱ्या वासरांत दोघांचा हिस्सा.

ही वर्गवारी कालपरवाची नाही. १९०९ साली छापून प्रसिद्ध झालेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोधनाच्या अध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात नरांची वासरू, मोठे वासरू, शिकवायला योग्य, ओढकामाचा आणि पैदाशीचा अशी प्रतवारी केली आहे. माद्यांचीही कालवडीपासून वांझ गाईपर्यंत तशीच यादी आहे. महिना-दोन महिन्यांच्या वासरावर खूण करून त्याची नोंद ठेवावी, आणि वासरू, वळू व दुभती गाय यांना मारू नये, असेही त्या ग्रंथात सांगितले आहे. या प्रकरणात भक्तीपेक्षा हिशेब अधिक आहे. राज्याची संपत्ती दाव्यावर बांधलेली असते, हे त्या शास्त्रकाराने ओळखले होते.

तेच ओळखणारा राजा आपल्याच गडावर होऊन गेला. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींनी दक्षिण कोकणातल्या मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा कर, ज्याच्या अंगी कष्ट करण्याची कुवत आहे पण बैल नाहीत त्याला दोन-चार बैलांसाठी पैसा दे, पोटाला दाणे दे, आणि पुढे मुद्दलच तेवढे, व्याज न लावता, त्याला जमेल तसे वसूल कर, असा त्या पत्राचा आशय आहे. आम्हांला या पत्राचे फार महत्त्व वाटते. गड जिंकणाऱ्या राजाला ठाऊक होते, की गोठा रिकामा पडला तर गडाची कोठारेही रिकामी पडतात. आणि त्याने माणसाला धान्य देऊन तेथेच थांबवले नाही. त्याला जोत दिले, म्हणजे पुन्हा स्वतःची निवड स्वतः करण्याचे बळ दिले.

आता विक्रीकडे वळू. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणारी जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी सर्व उत्तर कोकणात प्रसिद्ध आहे. जत्रेला जाणे ज्याला परवडत नसे, त्याच्या दारी हेड्या येई. सौदा तोंडाने व्हायचा नाही. उपरण्याखाली हात धरून बोटे दाबायची. पाहणाऱ्याला भाव कळू नये. ठरले की विसार द्यायचा आणि जनावर सोडायचे. कित्येक घरांत मात्र जनावर देत, दावे देत नसत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, ही समजूत.

भाव हंगामाचा गुलाम. पेरणी तोंडावर आली, की शिकवलेला खोंड महाग. लावणी आटोपली, की तोच स्वस्त. ज्याच्या घरी पेंढा आणि धीर दोन्ही शिल्लक, तो थांबे. ज्याला देणे भागवायचे असे, तो थांबू शकत नसे. येथे आम्ही आमच्या आजोळची एक गोष्ट सांगतो. तुडीलच्या बाजूचेच ते घर. मामांच्या दाव्याला दोन पाडे होते. एक उमदा, त्याचे नाव हरण्या. आजीने त्याच्यासाठी दोन सड राखले होते. दुसरा रोडका. चैत्रात हेड्या आला, आणि मामांनी हरण्या दिला. आम्ही पोरांनी रडून विचारले, "मामा, तो दुसरा का नाही दिला?" मामा म्हणाले, "अरे, त्या दुसऱ्याला कोण पैसे देईल?" आजी काही बोलली नाही. हरण्याचे दावे तिने खुंटीला टांगले, आणि त्या पावसाळ्यात रोडक्या पाड्याला शिकवायला घेतले.

पुष्कळ वर्षांनी, पुस्तके वाचू लागल्यावर, मामांच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हांला उमगला. ज्याच्यापाशी दोन पैसे आहेत, तो वाईट विकतो आणि चांगले ठेवतो. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला चांगले विकावे लागते आणि वाईट ठेवावे लागते. निवड तीच, डोळाही तोच, फक्त उलटा. असे एका घरात एकदा झाले तर तो त्या घराचा तोटा. हजारो घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाले, तर तो वाणाचा ऱ्हास. कुळांच्या डोक्यावर खोताचे अर्धेल आणि सावकाराचे व्याज असताना कोकणातल्या किती गोठ्यांतून हरण्या गेला असेल, याची नोंद कोठल्याही दप्तरात नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली.

इंग्रजी अमदानीत या गोठ्याची कुचंबणा आणखी एका बाजूने झाली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांच्या सीमा आखल्या गेल्या. चराई आणि राबासाठी डहाळ्या तोडण्याचा हक्क यांवरून ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. त्याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि चराऊ राने हिरावल्याने शेतकऱ्याची गुरे कशी खंगली, हे परखडपणे मांडले. सरकारने १८८४ च्या कायद्याने बैलांसाठी तगाई देऊ केली. परंतु प्रभावळीच्या पत्रातली व्याजमाफी तिच्यात नव्हती. आणि चाऱ्याचा प्रश्न कर्जाने सुटत नाही.

पुढे लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतकी कमिशनने १९२८ च्या अहवालात एक दुष्टचक्र दाखवून दिले. गुरे निकस, म्हणून काम उरकायला जास्त गुरे ठेवायची. जास्त ठेवली, म्हणून चारा अपुरा. चारा अपुरा, म्हणून गुरे अधिक निकस. उपाय म्हणून मुंबई सरकारने १९३३ मध्ये पशुसुधारणेचा कायदा केला. परवान्यावाचून वळू ठेवायचा नाही, निकृष्ट नर बडवून टाकायचा. म्हणजे आजीची निवड आता सरकारी अंमलदाराने करायची! कल्पना वाईट नव्हती. पण हरण्या विकावा का लागला, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच येत नव्हता.

येथवर आपण ठेवलेल्या आणि विकलेल्या वासरांचे बोललो. जी ना ठेवली गेली, ना विकली गेली, त्यांचे काय? ती गोठ्यात मेली. आणि मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम घरच्या मालकाने कधी केले नाही. ते गावकीने महारांच्या माथी मारले, आणि ते करतात म्हणूनच त्यांना विटाळाचे ठरवले. महाडकरांना याची आठवण करून देण्याची गरज नसावी. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी याच गावी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांच्या लक्षात राहिला. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडा असे आपल्या लोकांना निक्षून सांगितले, आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असा ठरावही झाला. गुरांच्या इतिहासात आम्ही या ठरावाला फार वरचे स्थान देतो. गोठ्याच्या मालकाला त्याने विचारले, की बाबा रे, तुझ्या निवडीचा शेवट तू दुसऱ्याच्या खांद्यावर का टाकतोस? दाव्यावरचे जनावर तुझे, तर त्याचे मरणही तुझेच.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न विद्वानांच्या हाती गेला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकरांनी १९६४ साली गुरांच्या संख्येवर लिहिताना सांगितले, की निरुपयोगी गुरे निवडून कमी केली नाहीत, तर उपासमार ती कमी करतेच. आणि ती चांगल्या-वाईटाची निवड करीत नाही. अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ पासून दुसरी बाजू मांडली. शेतकरी अडाणी नाही, त्याच्या गुरांची संख्या त्याच्या गरजेप्रमाणेच ठरते, असे त्यांचे म्हणणे. केरळातल्या त्रिवेंद्रम जिल्ह्यात वर्षाच्या आतल्या शंभर कालवडींमागे त्यांना ६७ पाडे आढळले. तेथे बैलांची गरज थोडी. पाडा मारला का, असे विचारले, तर शेतकरी कानांवर हात ठेवी. पाडे अशक्तच असतात, कमी पितात, म्हणून मरतात, असे तो सांगे. आमच्या आजीच्या एक सड आणि दोन सडांचाच हा हिशेब. फक्त तेथे तो सगळ्याच पाड्यांना लागू झाला होता.

आता तो आपल्याकडेही लागू झाला आहे. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था काढली. तिच्या आणि सरकारच्या संकरित पैदाशीने महाराष्ट्रात दूध वाढले, पुष्कळ लहान शेतकऱ्यांच्या हाती रोज पैसा खेळू लागला. ते उपकार विसरून चालणार नाही. परंतु संकरित पाड्याला वशिंड नावापुरते. जू त्याच्या मानेवर नीट बसत नाही आणि ऊन त्याला सोसत नाही. इकडे कोकणात पोरे मुंबईला गेली, गुरे राखायला कोणी उरले नाही, आणि चिखलणीला पॉवर टिलर आला. बैलाचे काम गेले, तशी पाड्याची किंमत गेली.

कायद्यानेही वळण घेतले. राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गाय आणि तिची वासरे यांच्या कत्तलीला बंदी होती. निकामी ठरलेला बैल दाखला घेऊन विकता येई. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही बंदी लागू झाली, आणि ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. या कायद्यामागच्या श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. आम्ही इतकेच विचारतो, की ज्याचे काम गेले आणि बाजारही गेला, त्या जनावराला वीस वर्षे वैरण कोणी घालायची? कायद्याने ते ओझे कोणाचे नाव न घेता गोठ्यावरच टाकले. शर्यतींवरील बंदी, जी २०१४ मध्ये आली होती, ती २०२१ मध्ये उठली आणि २०२३ मध्ये त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली. त्यामुळे चपळ खोंडाला पुन्हा भाव आला. पण शर्यतीला शंभरांतला एखादाच लागतो. उरलेल्या नव्याण्णवांचे काय?

पशुगणनेचे आकडे याचे उत्तर देतात. २०१२ साली देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ साली ते सुमारे ४ कोटी ७४ लाख राहिले. त्याच सात वर्षांत माद्या १२ कोटी ३० लाखांवरून १४ कोटी ५१ लाखांवर गेल्या. गाई वाढल्या आणि बैल घटले. निसर्ग तर पाडे आणि पाड्या जवळजवळ सारख्याच संख्येने जन्माला घालतो! सात वर्षांत दोन कोटी नर कमी झाले, आणि त्यांचा निवाडा कोणी केला हे विचारले, तर आपणही त्रिवेंद्रमच्या शेतकऱ्यासारखे कानांवर हात ठेवू.

विज्ञानाने यावरही तोड काढली आहे. वीर्यातच नर-मादीची वर्गवारी करून शंभरांतली नव्वद वासरे माद्याच व्हावीत, असे तंत्र आता आहे. त्याच्या देशी बनावटीचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात, वाशीमला झाले. वासराची निवड आता कासेखाली होत नाही, दात पाहूनही होत नाही. ती जन्माच्या आधीच होते. उपाशी मरण्यापेक्षा न जन्मणे बरे, हे आम्हांला पटते. परंतु एक गोष्ट विसरू नये. नव्वद माद्यांपैकी प्रत्येक जण कधी तरी भाकड होणार आहे. प्रश्न पुढे ढकलला गेला, सुटला नाही.

योगायोग असा, की कोकणच्या लहान चणीच्या गाईला कोकण कपिला हे नाव देऊन देशाच्या जातींच्या यादीत घेतले गेले ते २०१८ साली. ज्या वाणाला घडवायला एवढ्या गोठ्यांनी एवढी शतके खर्च केली, त्याचा दाखला त्याला जोत सुटल्यावर मिळाला. तरी तो मिळाला, हे चांगलेच झाले. पण वाण दाखल्यावर जगत नाही. सांभाळणारे घर असेल, चरायला रान असेल आणि हरण्याला न विकता थांबण्याचे बळ त्या घरात असेल, तरच तो जगतो. प्रभावळीच्या पत्राने ते बळ दिले होते. आजच्या कायद्यांनी, योजनांनी आणि आपण दूध पिणाऱ्या शहरवासीयांनी ते किती दिले, याचा जमाखर्च एकदा मांडला पाहिजे. दुधाच्या पिशवीची किंमत देताना तिच्यात पाड्याच्या पोटाचा पैसा धरलेला असतो काय? आम्हांला तरी तो कोठे दिसत नाही.

आजोळच्या त्या घरी आम्ही अलीकडे गेलो होतो. गोठ्यात आता लाकडे रचली आहेत. खुंटी मात्र तेथेच आहे, आणि तिच्यावर काळे पडलेले एक दावे. ते हरण्याचे, की त्यानंतरच्या कोणाचे, हे सांगायला आता आजी नाही, मामाही नाहीत. बरकत जाऊ नये म्हणून ठेवलेले ते दावे आम्ही हातात घेतले, आणि पुन्हा खुंटीला अडकवून ठेवले.